कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई आणि डोंगरातलं रॉकेट

पनवेलच्या आमच्या बचत गटातल्या तिघी तळोज्याच्या कारखान्यांत पॅकिंगला जातात. मागच्या बैठकीत एकजण म्हणाली, "खोक्यात काय आहे, कुठे जातंय, ते आम्हाला कोण सांगतंय? आणि आम्ही तरी कुठे विचारतो!" त्यावरून आम्ही जर्मनीची हकीकत वाचून काढली.

सुरुवात आपल्याच माणसापासून. इरावती कर्वे, महर्षी कर्व्यांच्या सूनबाई, १९३० च्या आधी बर्लिनला शिकत होत्या. कवटीच्या ठेवणीवरून गोरी माणसं श्रेष्ठ ठरतात, असं त्यांच्या सरांचं, ऑयगेन फिशर यांचं मत. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही, हे सरांनाच लिहून दिलं. परका देश, परकी भाषा!

१९३३ साली हिटलर आला. तेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्याच शहराजवळ वेर्नर फॉन ब्राउन हा तरुण इंजिनिअर लष्करासाठी रॉकेटं बनवत होता. त्याचं स्वप्न अंतराळात जायचं, पण पैसा लष्कराकडे. पुढे त्याचं व्ही-टू तयार झालं. त्यात अल्कोहोल जळायचं, आणि ते गाळायचं बटाट्यापासून. रेशनच्या रांगांच्या दिवसांत बटाटा रॉकेटच्या पोटात! आमच्या गटात यावर बराच वेळ बोलणं झालं.

ऑगस्ट १९४३ मध्ये इंग्रजांनी रॉकेटच्या ठाण्यावर बॉम्ब टाकले. मग कारखाना नॉर्डहाउझेन गावाजवळ डोंगराच्या बोगद्यांत नेला. कामाला डोरा छावणीचे कैदी. पहिले काही महिने ते झोपायचेही बोगद्यातच, धुळीत, पुरेसं पाणी नाही. डोरा आणि तिच्या जोडछावण्यांत सुमारे ६०,००० कैदी आले, त्यातले २०,००० च्या आसपास मेले. सप्टेंबर १९४४ पासून ही रॉकेटं लंडनवर आणि अँटवर्पवर पडली, हजारो माणसं गेली. तरी रॉकेट पडून मेले त्याहून जास्त ते बनवणाऱ्या छावण्यांत मेले.

फॉन ब्राउन त्या बोगद्यांत जाऊन आला होता. युद्धानंतर अमेरिकेनं त्याला नेलं. १९६९ साली माणसं चंद्राकडे निघाली ती त्याच्याच देखरेखीखाली बनलेल्या रॉकेटातून. तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय.

बोगद्यातल्या काही कैद्यांनी मात्र कामात मुद्दाम खोट ठेवली. सापडले त्यांना तिथेच, इतरांच्या डोळ्यांदेखत, क्रेनला फाशी दिलं.