निवृत्त फौजींचा अधिकारी

अमरावती-परतवाडा रस्त्यावरचं वलगाव म्हटलं की पेढी नदी आणि गाडगेबाबा आठवतात. याच परिसरातल्या माजी सैनिकांना मात्र आणखी एक नाव ठाऊक असायला हवं : जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी.

हे पद बहुधा सैन्यातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याकडेच असतं, आणि ते योग्यच आहे. छावणीत आयुष्य काढलेल्या माणसाला जवानाची अडचण चटकन उमगते. सगळ्यात अवघड काम असतं कागदांचं. पत्नीचं नाव आधार कार्डावर एक, फौजेच्या नोंदीत दुसरं. मग कुटुंब निवृत्तिवेतन अडतं. नोंद दुरुस्त करायला मराठा रेजिमेंटचा जवान असेल तर बेळगावला, महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशातल्या सागरला पत्रव्यवहार करावा लागतो. म्हाताऱ्या बाईनं एकटीनं हे कसं निभावायचं? म्हणूनच या अधिकाऱ्याचं कार्यालय मोलाचं.

माजी सैनिकांच्या मुलांसाठीच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीचे अर्जही इथूनच तपासून पुढे जातात. 7 डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी 1949 पासून गोळा होतो, तो सैनिकांच्या याच कुटुंबांसाठी.

घरात फौजी असेल, तर त्याचं डिस्चार्ज बुक आजच काढून पाहा. पत्नीचं आणि मुलांचं नाव त्यात बरोबर आहे ना, हे तो हयात असतानाच तपासून घ्या.