पाट्यावरचे पांढरे ठिपके



मी कला शाखेचा पदवीधर. हयात सरकारी फायलींत गेली. दगडांविषयी बोलण्याचा माझा अधिकार नव्हे. परंतु सेक्टर १० मधील आमच्या घरी आईने नाशिकहून आणलेला पाटा आहे. निवृत्तीनिमित्त बांधाबांध सुरू होताच मुलीने विचारले, "बाबा, एवढा जड दगड परत कशाला न्यायचा?" उत्तर शोधता शोधता मी भूशास्त्राच्या पुस्तकांपाशी पोहोचलो.

पाटा धुतला की त्यावर पांढरट ठिपके दिसतात. ते प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्फटिक. इगतपुरी-कसाऱ्याच्या परिसरात ते काही सेंटिमीटर लांबीचेही आढळतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला; त्यापूर्वीच हे मोठे स्फटिक भूगर्भात सावकाश वाढले होते. भोवतीचा बारीक कणांचा काळा भाग मात्र लाव्हा वर आल्यावर त्वरेने थिजला. आपल्या कारखान्यातील स्लॅगचेही असेच नाही का? पाण्याच्या फवाऱ्याने एकदम निवविला तर काचेसारखे कण होतात. सावकाश निवला तर स्फटिक बनतात.

शिलारस निवताना प्रथम कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेज बनते, पुढे सोडियमचे प्रमाण वाढते. घन स्फटिकात हे घटक फार मंद गतीने सरकतात. म्हणून झाडाच्या वलयांप्रमाणे थर टिकून राहतात. कास्ताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५१ च्या प्रबंधात मांडलेल्या उपकरणाने इलेक्ट्रॉनांचा सूक्ष्म झोत टाकून, मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाचेही रासायनिक घटक मोजता येतात. गाभ्याकडून कडेकडे जाताना मध्येच कॅल्शियम पुन्हा वाढलेले दिसले, तर बहुधा नवा, उष्ण शिलारस येऊन मिसळला, असे अनुमान निघते.

मित्रहो, गाभा जन्मस्थानाचा आणि कडा नंतरच्या सहवासाची; एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही. आम्हां वडीलधाऱ्यांचा गाभा महाराष्ट्राचा, वरचे थर भिलाईचे. आमच्या मुलांचा तर गाभाच येथला. त्यांना "तुमचे गाव कोणते?" असे दरडावून विचारणारा मीही होतो, याची आज खंत वाटते.

मुलगी येथेच नोकरीला आहे. पाटा तिच्याकडे ठेवून जाण्याचे मी ठरविले आहे. चटणी तिने तिच्या हातची वाटावी.