घर लेकीला द्यायचं, पण कोणत्या कागदानं?

(महिला मेळाव्यातील भाषण)



नांदेडला असो की लातूरला, बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागं लेकीला मिळावं, तिला कोर्टाची पायरी चढावी लागू नये. कोणता कागद करू?"

आधी एक भीती काढून टाका. मृत्युपत्र केलं की कोर्टातून प्रोबेट आणावंच लागतं, असं सांगणारे भेटतात. हिंदूंच्या मृत्युपत्राला ती सक्ती मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांपुरती होती. इथं केलेल्या, इथल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला ती कधीच नव्हती. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. मन बदललं तर कागद बदलता येतो. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. किल्लारीला १९९३ साली घरं पडली तशी उद्या पेटी ढिगाऱ्याखाली गेली, तरी नोंदवलेल्या कागदाचा पुरावा दुय्यम निबंधकाकडे राहतो.

दुसरा कागद बक्षीसपत्राचा. याची नोंदणी करावीच लागते. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडांना दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. इतर आकार वेगळे. स्वस्त म्हणून मुलं याचाच आग्रह धरतात. पण बक्षीसपत्र झालं की मालकी त्यांची होते, तुम्ही जिवंत असतानाच! मनात आलं म्हणून ते परत घेता येत नाही. एकट्या बाईला मी तरी हा कागद सुचवत नाही. करायचाच असेल तर 'मी हयात असेपर्यंत या घरात राहीन आणि माझा सांभाळ करावा' ही अट त्यात लिहून घ्या. सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. अट तोंडी राहिली की भांडण अवघड होतं.

मूलबाळ नसलेल्या विधवेनं तर मृत्युपत्र टाळूच नये. हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याकडून आलेली मिळकत तिच्यामागं नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिला सांभाळणाऱ्या भाचीकडे नाही. मुस्लिम बहिणींचा कायदा वेगळा आहे. वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मिळकत मृत्युपत्रानं देता येत नाही. तिथं हिबाचा विचार करावा लागतो.

आणि हक्कसोडपत्र! बाप गेला की बारावं-तेरावं उरकायच्या आत तो कागद पुढं येतो. "सही करून टाक माय, भावाचं दार उघडं राहील," असं आईच म्हणते. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. तो एका सहीनं जातो. तिथं "वाचून सांगते" म्हणा, आणि कागद घरी घेऊन या.

कागद झाल्यावर काम संपत नाही. बक्षीसपत्र असेल तर लगेच, मृत्युपत्र असेल तर मृत्यूनंतर, जमिनीसाठी तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज द्यावा लागतो. घराची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करावी लागते. अर्जाची पोच घ्या आणि महिन्याभरानं सातबारा काढून नाव चढलं का ते स्वतः बघा.