रूसोचे ओक वृक्ष

रूसो म्हटले की तत्त्वज्ञ आठवतो. थेओदोर रूसो हा निराळा. पॅरिसमध्ये १८१२ साली जन्मलेल्या या चित्रकाराने आयुष्यभर मुख्यतः झाडे रंगविली. ‘सालों’ या प्रतिष्ठित प्रदर्शनाने १८३६ पासून काही वर्षे त्याची चित्रे सतत नाकारली. पुढे पॅरिसच्या आग्नेयेकडील फाँतेनब्लो अरण्याच्या कडेला, बार्बिझाँ या खेड्यात तो स्थायिक झाला आणि १८६७ मध्ये तेथेच वारला.

त्याचे आप्रमाँ येथील ओक वृक्षांचे चित्र लूव्र संग्रहालयात आहे. भर दुपार, मोकळे माळरान आणि मधोमध जुन्या ओकांचा एक पुंजका. सावली बुंध्यांपाशी गोळा झालेली. गुरे चरत आहेत, पण ती इतकी लहान की सारे लक्ष झाडांवरच खिळते. प्रसंग काहीच नाही. देवदेवता नाहीत, राजेरजवाडे नाहीत. तरीही श्रोत्यांपैकी कोणी हे चित्र पाहिलेच, तर एखाद्या जुन्या घराण्यातील वडीलधारी माणसे एकत्र उभी आहेत, असे त्याला वाटल्यावाचून राहणार नाही.

हे वृक्ष त्या काळी निर्धास्त नव्हते. वनखात्याच्या हिशेबी वठू लागलेला ओक म्हणजे वाया जाणारे लाकूड. तो तोडून त्या जागी झपाट्याने वाढणारे पाइन लावणे व्यवहाराला धरून होते, हेही मान्य केले पाहिजे. रूसोला मात्र ते साहवेना. सेन नदीतील क्रुआसी बेटावरील वृक्षतोडीचे चित्र त्याने १८४७ मध्ये हाती घेतले आणि त्याला नाव दिले ‘निरपराध बालकांची कत्तल’. हेरोद राजाने बेथलेहेमातील अर्भके मारविली, ती शुभवर्तमानातील कथा. शतायुषी वृक्षांना बालके म्हणणे विचित्र वाटेल. पण बालकांप्रमाणेच त्यांनाही पळता येत नाही. हे चित्र अपुरेच राहिले.

कुंचल्याने भागेना, तेव्हा त्याने लेखणी धरली. १८५२ मध्ये चित्रकारांच्या वतीने त्याने सरकारकडे अर्ज केला. पुढल्याच वर्षी ६२४ हेक्टर वन राखून ठेवण्यात आले आणि १८६१ च्या फर्मानाने हे क्षेत्र सुमारे १,१०० हेक्टर झाले. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यान त्यानंतर अकरा वर्षांनी आले.

कुऱ्हाड थांबली, परंतु अरण्य चित्रासारखे स्थिर राहत नाही. ओकाच्या रोपाला ऊन लागते, बीचच्या रोपाला सावली चालते. म्हणून फाँतेनब्लोच्या ज्या भागांत तोड पूर्ण बंद झाली, तेथे जुने ओक एकेक पडत गेले आणि त्यांची जागा बहुतांशी बीच वृक्षांनी घेतली.