दीड तास नेट बंद: काय मिळेल, काय जाईल?



आज हिशेब मांडूया, पण पैशांचा नाही, मोबाइलवरच्या नेटचा. दिवसभर चालू असलेलं नेट रोज थोडा वेळ ठरवून बंद ठेवलं, तर आपल्याला काय मिळेल आणि काय जाईल?

आधी काय जाईल ते बघू. तारकर्ली-देवबागच्या खोल्यांचं बुकिंग व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. कोकम, मसाला, कुळथाचं पीठ यांच्या ऑर्डरी मुंबईच्या चाकरमान्यांकडून तिथेच येतात, पैसेही फोनवरच जमा होतात. वादळाचा इशाराही मोबाइलवर मिळतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात वीज गेली, नेटवर्क गेलं, तेव्हा संपर्काची किंमत आपल्या किनाऱ्याला कळली. म्हणून नेट सोडून द्या, असं आम्ही सांगणार नाही.

मग मिळेल काय? दिवेलागणीचा वेळ परत मिळेल. त्या वेळी मुलांचा अभ्यास असतो, घरातली माणसं एकत्र असतात. पण प्रत्येकाची मान खाली. गटाच्या बैठकीतही हिशेब वाचला जातो आणि निम्म्या जणी रील बघतात.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये यावर उपाय केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद राहू लागले. मुलं अभ्यासाला बसू लागली. एकट्या आईने फोन काढून घेतला तर घरात भांडण होतं. सगळ्यांनी एकाच वेळी ठेवला तर आपणच मागे राहिलो, असं कुणाला वाटत नाही. मोठ्यांनीही ठेवायचा, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे हे तसंच्या तसं चालणार नाही. घरची होडी दर्यात असेल तर फोन बंद कसा ठेवणार? म्हणून फक्त नेट बंद करायचं. साधा कॉल येत राहतो. गिऱ्हाइकांना वेळ आधीच कळवायची. बुकिंगसाठी पाळीपाळीने एकीने नेट चालू ठेवायचं. हवामानाचा इशारा असेल त्या दिवशी नियम नाही.

आणखी एक गोष्ट. कित्येक घरांत फोन एकच. दिवसभर तो नवऱ्याकडे, बाईच्या हाती येतो संध्याकाळीच. माहेरी व्हिडिओ कॉल करायचा, काही शिकायचं, ते त्याच वेळात. दीड तास नेमका तिचाच गेला, तर तो नियम तिच्यावर अन्याय ठरेल. म्हणून वेळ ठरवताना आधी तिला विचारा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पर्यटकही कमी असतात आणि जूनमध्ये शाळा सुरू होते. करून बघायला हेच दिवस बरे. महिनाभर करा. किती ऑर्डरी चुकल्या, मुलं किती वेळ अभ्यासाला बसली, आपली झोप किती झाली, हे गटाच्या वहीत लिहा. महिन्याच्या बैठकीत वही उघडा आणि पुढचं सगळ्यांनी मिळून ठरवा.