मेंढरं वळणाऱ्या कुत्र्याला घर देताना



इंग्लंडमधल्या एखाद्या गावात एका घराच्या मागच्या अंगणात एक बाई कुंपणाच्या कडेकडेनं चालते आहे. प्रत्येक फळी तळव्यानं दाबून बघते. कुंपणाच्या बुडाशी माती भुसभुशीत आहे का, ते वाकून पाहते. फाटकाची कडी दोनदा उघडते, दोनदा लावते. घरातली माणसं थोडी अवघडून उभी आहेत, चहा निवत चालला आहे. ही बाई नगरपालिकेची नाही आणि घर विकत घ्यायलाही आलेली नाही. ती आली आहे एका कुत्र्याच्या वतीनं. बॉर्डर कॉली जातीचं कुत्रं रेस्क्यू संस्थेकडून दत्तक घ्यायचं असेल, तर घराची अशी पाहणी बहुधा ठरलेलीच असते.

पाहणीच्या आधी लांबलचक फॉर्म भरून झालेला असतो. घरात माणसं किती, मुलं केवढी, कुत्रं दिवसाला किती तास एकटं राहील, आधी पाळलेल्या कुत्र्याचं काय झालं, जनावरांचे डॉक्टर कोण, घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का. आपल्याकडे सोयरीक जमवताना स्थळाची जशी चौकशी होते, तशीच ही. काहींना ती अपमानास्पद वाटते. ‘बिचाऱ्या बेघर जीवाला आसरा द्यायला निघालो, तर आमचीच झडती?’ असं म्हणून ते मागे फिरतात. पण या प्रश्नांतला एकही प्रश्न हवेतून आलेला नाही. प्रत्येकाचं मूळ त्या कुत्र्याच्या कामात आहे. ते काम समजलं की फॉर्म आपोआप समजतो.

मराठी माणसाला मेंढरांजवळचं कुत्रं म्हटलं की धनगराच्या वाड्यावरचं कुत्रं आठवतं. दिवसभर कळपाच्या सोबतीनं चालणारं, रात्री वाघरीजवळ निजणारं, लांडग्याची चाहूल लागताच उठून भुंकणारं. ते राखणीचं कुत्रं. मेंढरं वळवण्याचं काम धनगर स्वतः करतो. त्याची हाळी, त्याची शीळ आणि त्याची काठी पुरते. बॉर्डर कॉलीचं काम याहून अगदी वेगळं आहे. ते राखत नाही, ते वळतं. मेंढपाळ डोंगराच्या पायथ्याशी उभा राहतो आणि कुत्रं अर्धा मैल दूर, वरच्या कड्यावर विखुरलेली मेंढरं गोळा करून खाली आणतं. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरच्या त्या उघड्याबोडक्या, वाऱ्याच्या डोंगरांत एका माणसाला शेकडो मेंढरं सांभाळायची, तर असं कुत्रं लागतंच. नावातलं ‘बॉर्डर’ त्या सीमेवरून आलं.

या जातीचा मूळ पुरुष म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो ओल्ड हेम्प. 1893 साली नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फर नावाच्या शेतकऱ्याकडे तो जन्मला. बाप रॉय मोकळा, मनमिळाऊ. आई मेग लाजरी, पण मेंढरांवर रोखलेली तिची नजर विलक्षण. टेल्फरनं या दोन स्वभावांचा मेळ जाणूनबुजून घातला. हेम्प मेंढरांजवळ फारसा आवाज न करता, न चावता काम करी. 1901 साली तो गेला, तोवर त्याची दोनशेहून अधिक पिल्लं त्या मुलुखात पसरली होती, आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक बॉर्डर कॉलीची वंशावळ त्याच्यापर्यंत पोचते. 1906 साली आंतरराष्ट्रीय शीपडॉग सोसायटी स्थापन झाली. तिनं वंशावळीची नोंद ठेवली ती काम करणाऱ्या कुत्र्यांची. कान उभे की पडलेले, अंगावर पांढरं किती, याला महत्त्व नव्हतं. कुत्रं काम करतं का, एवढाच सवाल. म्हणूनच 1995 साली अमेरिकन केनेल क्लबनं या जातीला प्रदर्शनाची दारं उघडली, तेव्हा मेंढपाळ मंडळींनी कडाडून विरोध केला. रूप बघून निवड सुरू झाली की काम हरवतं, ही त्यांची भीती होती. ती रास्तच होती.

आता त्या नजरेविषयी जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

शिकारी जनावर भक्ष्य हेरतं, रोखून बघतं, दबकत पुढे सरकतं, पाठलाग करतं, पकडतं आणि मारतं. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या कुत्र्यांच्या अभ्यासकांनी ही साखळी उलगडून दाखवली. बॉर्डर कॉलीत माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून या साखळीचा पहिला भाग, म्हणजे हेरणं, रोखून बघणं, दबकणं आणि पाठलाग, पराकोटीला नेला आणि शेवटचे दोन दुवे, पकडणं आणि मारणं, जवळजवळ मिटवले. कामावरचं कॉली पाहिलं की हे लख्ख दिसतं. मान खांद्यांच्या रेषेखाली उतरते, पोट गवताला टेकेल इतकं अंग खाली जातं, शेपूट मागच्या पायांत स्थिरावतं. एक पंजा उचललेला आणि तो तसाच हवेत. पापणी लवत नाही. मेंढी डोकं वर करते, त्या डोळ्यांकडे बघते आणि मुकाट्यानं वळते. मेंढपाळांच्या बोलीत याला नुसतं ‘आय’ म्हणतात, म्हणजे डोळा. एखाद्या कुत्र्याची तारीफ करायची तर त्याला ‘डोळा’ चांगला आहे, एवढं म्हटलं की झालं.

हा डोळा शिकवून येत नाही, तो रक्तात असतो. आठ-दहा आठवड्यांचं पिल्लूसुद्धा कोंबड्यांसमोर असं दबकून बसतं. आणि तीन खोल्यांच्या घरात कोंबड्याही नसतात, मेंढ्याही नसतात. असते धावणारी सायकल, स्केटिंग करणारी पोरं, व्हॅक्यूम क्लीनर, रस्त्यावरची मोटार. कुत्रं त्यांनाच वळायला लागतं. वाढदिवसाला जमलेल्या मुलांना अंगणाच्या एका कोपऱ्यात गोळा करतं, आणि जे पोर निसटून पळेल त्याच्या टाचेला हलकेच दात लावतं. आईबाप घाबरतात, ‘कुत्रं चावकं निघालं’ म्हणतात. ज्या गुणासाठी शंभर वर्षं निवड झाली, त्याच गुणापायी त्याला घराबाहेर काढलं जातं. याहून मोठा अन्याय त्या जनावरावर क्वचितच होत असेल.

रेस्क्यू संस्थांकडे येणारी बरीच कॉली याच वाटेनं येतात. साधारण आठ महिने ते दोन वर्षं या वयात, म्हणजे पिल्लाचा गोडवा संपून अंगात पुरती ताकद आली की. काही उलट्या दिशेनंही येतात. शेतावर जन्मलेलं पण मेंढरांना भिणारं, नाहीतर मेंढरांत अजिबात रस नसलेलं कुत्रं शेतकऱ्याच्या कामाचं राहत नाही. ब्रिटनमध्ये बॉर्डर कॉली ट्रस्ट ही संस्था 1976 पासून स्टॅफर्डशायर परगण्यात अशा कुत्र्यांचा सांभाळ करते आहे. अमेरिकेत राज्याराज्यांत लहान-मोठे गट आहेत. अनेकांकडे स्वतःची इमारतसुद्धा नाही. कुत्री स्वयंसेवकांच्या घरीच राहतात. तिथे आठवडेन्‌आठवडे त्यांना पारखलं जातं. हे कुत्रं मांजरासोबत राहील का, मोटारीमागे धावतं का, एकटं ठेवलं तर दार खरवडतं का, हे त्या घराला ठाऊक होतं. एकाच जातीच्या रेस्क्यूकडून कुत्रं घेण्याचा सगळ्यात मोठा फायदा हा. दत्तक घेणाऱ्याला अनोळखी जनावर मिळत नाही.

मग त्यांच्या अटी काय असतात? कुंपण उंच हवं, कारण चार फुटांवरून हे कुत्रं सहज उडी घेतं. सबंध दिवस ते एकटं राहता कामा नये. नसबंदी बंधनकारक. अगदी लहान मुलांच्या घरी काही कुत्री दिलीच जात नाहीत. आणि एक अट जवळजवळ सगळीकडे सापडते: काही कारणानं सांभाळणं जमलं नाही, तर कुत्रं दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, विकायचं नाही, संस्थेकडेच परत आणायचं. दहा वर्षांनी का होईना. लेकीला माहेर असतं तसं हे.

व्यायाम किती, हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं नेहमीचं उत्तर अर्धवट आहे. ‘दमवा, म्हणजे शांत होईल’ असं सांगतात. रोज दोन तास चेंडू फेकला की कुत्रं शांत होत नाही. त्याचा दम वाढतो, आणि तिसऱ्या महिन्यात त्याला तीन तास लागतात. शिवाय चेंडूचं वेड लागतं ते निराळंच. काही कॉली भिंतीवरच्या कवडशामागे, सावलीमागे दिवसभर धावत सुटतात, खाणंपिणं विसरतात. म्हणून लेझरचा लाल ठिपका या कुत्र्यांपुढे खेळण्यासाठीही धरू नये. पायांपेक्षा डोक्याला काम हवं. वास घेऊन लपवलेली वस्तू शोधणं, आज्ञांचे नवे नवे क्रम, क्रफ्ट्स या ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात 1978 साली प्रथम झालेली ॲजिलिटीची अडथळ्यांची शर्यत, किंवा जर्मनीतून आलेला ट्राइबबॉल, ज्यात मेंढ्यांऐवजी मोठे चेंडू नाकानं ढकलून गोलात आणायचे.

डोक्याची ताकद किती, याचा दाखला अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात मिळाला. स्पार्टनबर्गच्या वॉफर्ड कॉलेजमधले निवृत्त मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांनी चेसर नावाच्या कॉलीला तीन वर्षं, रोज चार-पाच तास शिकवलं आणि 2011 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चेसरला 1022 खेळण्यांची नावं येत होती. त्यात कापडी प्राणी 800, चेंडू 116, फ्रिस्बी 26, उरलेली प्लॅस्टिकची. प्रत्येकाचं नाव वेगळं. इतकंच नाही, ओळखीच्या खेळण्यांत एक नवं खेळणं ठेवून कधी न ऐकलेलं नाव उच्चारलं, तर ती नेमकं तेच उचलून आणी. हे कौतुक ऐकून कॉली आणावंसं वाटतं. पण त्यातले ‘रोज चार-पाच तास’ हे शब्द विसरू नयेत.

आणि या सगळ्याइतकंच शिकवावं लागतं ते थांबणं. मेंढपाळाकडे त्यासाठी आज्ञाच आहे. ‘कम बाय’ म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं कळपाला वळसा घाल, ‘अवे’ म्हणजे उलट्या दिशेनं, ‘लाय डाउन’ म्हणजे बस. आणि ‘दॅट विल डू’ म्हणजे पुरे झालं, ये. हे शब्द ऐकले की कुत्रं मेंढरांवरची नजर काढून घेतं आणि धन्याच्या पायाशी येतं. रेस्क्यूतून आलेल्या पुष्कळ कॉलींना पुरे म्हणजे काय, हे कधी कुणी सांगितलेलंच नसतं. त्यांना सांभाळणारी अनुभवी घरं आधी एक सतरंजी अंथरतात आणि तिच्यावर नुसतं पडून राहण्याचं बक्षीस देतात. पाच मिनिटं, मग दहा, मग वीस.

आरोग्याची एक गोष्ट आपल्या इथल्या श्रोत्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी. गोचिडांवर आणि खरजेवर आपल्याकडे आयव्हरमेक्टिन हे औषध सर्रास दिलं जातं. कॉली वंशाच्या काही कुत्र्यांत एमडीआर-1 या जनुकात दोष असतो. त्यामुळे हे औषध मेंदूत शिरतं, कुत्रं झिंगतं, आंधळं होतं, दगावूही शकतं. हा दोष 2001 साली वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सापडला. लांब केसांच्या रफ कॉलीत तो सुमारे 70 टक्के कुत्र्यांत असतो, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये जवळपास निम्म्यांत. बॉर्डर कॉलीत तो कमी, पण असतो. गालाच्या आतून बोळ्यानं घेतलेला नमुना तपासून तो कळतो. मिश्र वंशाचं कुत्रं असेल तर ही तपासणी आधी, औषध नंतर.

पुण्या-मुंबईतही आता बॉर्डर कॉली दिसू लागली आहेत, सोसायटीच्या लिफ्टमधून खाली उतरणारी, दुपदरी केसांची. थंड डोंगरावरचं हे जनावर. उन्हाळ्यात त्याला सूर्य उगवण्यापूर्वीच फिरवून आणावं लागतं. जोरात पळताना मागचे पाय लटपटून कोसळण्याचा एक विकार या जातीत आहे, आणि खेळाच्या भरात हे कुत्रं स्वतःहून थांबत नाही. थांबवावं लागतं ते माणसानंच. दुकानातून पिल्लू आणण्यापूर्वी, कुणी सोडून दिलेलं मोठं कुत्रं आपल्या शहरातल्या आसऱ्यात आहे का, एवढी चौकशी तरी व्हायलाच हवी.

ज्यांना कुंपण नाही, वेळ नाही, पण जीव तुटतो, अशांसाठीही एक काम आहे: कुत्र्याला नव्या घरी पोचवण्याचं. न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरांना ते सहज जमण्याजोगं आहे. अमेरिकेत दक्षिणेकडच्या एखाद्या आसऱ्यातलं कुत्रं शेकडो मैलांवरच्या नव्या घरी पोचतं ते अनेकदा स्वयंसेवकांच्या मोटारींतून, टप्प्याटप्प्यानं. शनिवारी पहाटे एकानं निघायचं, साधारण तासाभराच्या अंतरावर दुसऱ्याच्या हाती द्यायचं. नियम थोडेच, पण कडक: पट्टे दोन, आणि पट्टा हातात घट्ट धरल्याशिवाय मोटारीचं दार उघडायचं नाही. पेट्रोल पंपाच्या आवारात दोन अनोळखी माणसं भेटतात. कागद, गोळ्या आणि दाण्यांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. कुत्रं क्षणभर मागे वळून आधीच्या मोटारीकडे बघतं. मग उडी मारून नव्या मोटारीत चढतं आणि मागच्या काचेतून, नजर जराही न हलवता, रस्त्यावरच्या गाड्या मोजत बसतं.