मूल बोलतं व्हावं म्हणून
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात पालकांपुढे केलेले भाषण)



आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याच्या पाठोपाठ ही सोसायटी उभी राहिली. तेव्हा या जिन्यात खेळणारी लेकरं आज स्वतः आईबाप झालीत. अंगणवाडीच्या कामात मला सारखा विचारला गेलेला प्रश्न आता तीच विचारतात, "ताई, आमचं पोरगं अजून बोलंना, काय करावं?"

मूल बोलायला शिकतं ते माणसाशी देवाणघेवाण करून. टीव्ही, मोबाईल नुसते बोलतात. उत्तराची वाट पाहत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. घास भरवताना मोबाईलपेक्षा चिऊ-काऊच बरे.

मग करायचं काय? भाकरी थापताना, मेथी निवडताना, गच्चीवर पापड वाळत घालताना हातातल्या कामाबद्दल बाळाशी बोला. "पाणी पाहिजे का दूध?" असं विचारा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. आपण न थांबताच पेला हातात देतो, मग त्यानं बोलावं कशाला? बाळ "भू भू" म्हणालं तर "हो, काळा भू भू पळाला" असं एक-दोन शब्द वाढवून म्हणा. "कुत्रा म्हण, कुत्रा म्हण" असा तगादा नको. चुकलं तर हसू नका.

घरात "काय करायलास?" म्हणत असाल तर तसंच म्हणा. इंग्रजी शाळेच्या धास्तीनं घरची बोली सोडू नका. घरच्या भाषेत पाया पक्का झाला की दुसरी भाषा सोपी जाते. महागडी खेळणीही लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत पानं, बिया, शिंपले अशा साध्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "याचा बापही उशिराच बोलला होता" म्हणून वाट पाहत बसू नका. हाक मारल्यावर मूल वळत नसेल, वर्षाचं होऊनही बोट दाखवत नसेल, दीड वर्षात एकही शब्द नसेल, दोन वर्षांत "आई ये" असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द बंद झाले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि आधी कान तपासून घ्या. ऐकूच येत नसेल तर लेकरू बोलणार कसं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पहिली काही वर्षं फार मोलाची असतात. गेलेले महिने भरून काढणं जड जातं.

आजी-आजोबांनो, तुमच्याकडे वेळ आहे, गोष्टी आहेत. शेजारच्या लेकरालाही दोन सांगा. सोसायटीच्या पुढच्या वाटचालीला मनापासून शुभेच्छा देते आणि थांबते.